गुलाबी पाक

४ मार्च

एकदाची पोहोचले! दोन दिवस ट्रकच्या मागच्या भागात वीस मधपेट्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. अंग आंबून गेलंय, पण एकही चौकट तुटली नाही, एकही राणीमाशी दगावली नाही. पेट्या उतरवताना जवान दहा हात लांब उभे होते. मी झाकण काढून उघडा हात आत घातला तेव्हा एकाने चक्क टोपी काढली. तासाभरात माझं नावही पडलं: माशीताई.

आमचा तळ म्हणजे बंद पडलेला कौलांचा कारखाना. लांबलचक पडवी आणि तिच्यामागे विटांच्या तीन भट्ट्या. एकेक भट्टी खोलीएवढी, घुमटाच्या छताची, लोखंडी दाराची, वर धुराडं. पहिलीत दारूगोळा, मधलीत डॉक्टरबाईंचा दवाखाना, तिसरी माझी. खाट, टेबल, सूक्ष्मदर्शक. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची खोली मिळाली, आणि तीही तोफगोळ्याला दाद न देणारी! समोर उतार, उताराखाली मैदान, मैदानापलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे ते. मैदानात सुरुंग किती पेरलेत ते आता कुणालाच माहीत नाही. काही त्यांचे, काही आमचे.

बारक्या इथेच आहे. माझा धाकटा भाऊ. सुरुंग काढणाऱ्या तुकडीत. पोटावर सरपटत जायचं, लोखंडी सळईने जमीन टोचायची, सळईला काही लागलं की श्वास धरायचा. डिसेंबरात त्या तुकडीत अकरा जण होते, आता सहा आहेत. मला बघून तो म्हणाला की ताई, तू काही सुधारत नाहीस, लोक युद्धातून पळतात आणि तू अर्ज करून येतेस. मग मिठी मारली आणि सोडलीच नाही.

घरात दोघांचं शिक्षण झेपणारं नव्हतं. बारक्या आठवीतून उठला आणि बाबांबरोबर गोदामात पोती उचलायला लागला, म्हणून मी पदवीधर झाले. घराण्यातली पहिली. महाविद्यालयातल्या बाईंनी तिथेच नोकरी देऊ केली होती, पण मी हीच मागून घेतली. त्याने माझ्यासाठी पाठ वाकवली. आता मी त्याला पोटावर सरपटू देणार नाही.

बाबांना वाचता येत नाही. युद्ध संपलं की ही वही मी त्यांना पहिल्या पानापासून वाचून दाखवणार आहे.

७ मार्च

काम इतकं सोपं आहे की ते मला सुंदर वाटतं. सुरुंग कितीही खोल पुरला तरी त्यातल्या स्फोटकाचा अंश मातीतून झिरपत वर येतो. माणसाच्या नाकाला कळत नाही, माशीला कळतो. बशीत साखरेचा पाक ठेवायचा आणि बशीखाली स्फोटक चोळलेली चिंधी. चार दिवसांत माशी शिकते की हा वास म्हणजे जेवण. मग ती मैदानात तोच वास हुडकत फिरते आणि सापडला की तिथेच घिरट्या घालते. आपण दुर्बीण लावून बसायचं आणि नकाशावर खुणा करायच्या. एकाही माणसाने पाय पुढे टाकायची गरज नाही.

मदतीला हवालदारकाका दिलेत. निवृत्तीला चार महिने उरलेले, मिशा पांढऱ्या, घरी स्वतःच्या मधपेट्या. बशी ठेवली की ते तिच्या कडेवर नखाने तीन टिचक्या मारतात, टक टक टक, की पेट्यांमधून रांग सुरू. मी सांगितलं की माश्यांना आपल्यासारखं ऐकू येत नाही, त्यांना कंप कळतो. ते म्हणाले की बाळ, तू कंप म्हण, मी जेवायची हाक म्हणतो, त्यांना काय, येतात ना? आता टिचक्या मीच मारते. माझ्या हातांना त्या स्फोटकाचा आणि पाकाचा असा काही वास लागलाय की माश्या बोटांवर येऊन बसतात आणि हलकेच चाटतात. गुदगुल्या होतात. आल्यापासून एकही डंख नाही.

११ मार्च

पहिल्याच दिवशी एकोणीस जागा! बारक्याची तुकडी नकाशा घेऊन गेली, एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी सुरुंग निघाले, सगळे जिवंत परत आले. मेजरसाहेब एरवी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, आज स्वतः पडवीत येऊन म्हणाले की माशीवाल्या बाई, तुमच्या फौजेला पगार नाही आणि रजाही नाही, आम्हाला असेच जवान हवेत.

बारक्या म्हणाला, आई सांगायची की हिला धड कपबशी धुता येत नाही, आणि इथे हिची एक बशी अख्खी पलटण वाचवतेय. मग डोळे पुसायला उगाच पाठ वळवली. मला सगळं दिसलं.

१५ मार्च

आज आचारी गेला. दुपारच्या जेवणासाठी त्याने ओली लाकडं चुलीत घातली. धूर करायचा नाही असा हुकूम होता, पण वाळलेलं सरपण संपलं होतं आणि शंभर माणसं भुकेली होती. धुराची रेघ वर गेली आणि पाच मिनिटांत ओढ्यापलीकडून गोळा आला. नेमका चुलीवर.

मी धावत गेले होते. जायला नको होतं. त्याचा हात पळीला धरलेला सापडला, बाकीचा तो भिंतीवर होता. शेजारच्या कोठारातली साखरेची पोती जळून वितळली होती आणि तो काळा पाक जमिनीवरून वाहत येऊन त्याच्यात मिसळला होता.

मेजरसाहेबांनी बजावलं की इथून पुढे दिवसाउजेडी धूर दिसला, तर करणाऱ्याला मी गोळी घालीन. माझा धुराचा डबाही काढून घेतला. मधपेट्या उघडताना तोच वापरतात. मला त्याची तशीही गरज पडत नाही.

पण साखर नाही. रस्ता तुटलाय. मैदानातलं गवत, झुडपं, फुलं सगळं आधीच जळून गेलंय. माश्यांनी खायचं काय? आणि चार दिवस बशी रिकामी राहिली तर त्या शिकलेलं विसरतील. मग बारक्या परत सळई घेऊन.

१७ मार्च

तोड सापडली. दवाखान्यात जखमींना ग्लुकोजच्या बाटल्या लावतात. काही जण बाटली संपायच्या आतच जातात. उरलेली बाटली डॉक्टरबाई टाकून देतात, कारण ती दुसऱ्याला लावता येत नाही. मी त्या मागितल्या. डॉक्टरबाई थकलेल्या होत्या. म्हणाल्या, ने बाई, तेवढाच कचरा कमी.

आमच्या घरात काही टाकत नाहीत. आई तेलाची पिशवी कापून आतून बोटाने निपटते. मीही बाटली पालथी केली, मग नळी पिळून काढली. नळीच्या टोकाला रक्त मागे चढलेलं असतं, तेही दोन-चार थेंब उतरलं. पाक जरा गुलाबी झाला. हवालदारकाकांनी बशीत वाकून बघितलं आणि म्हणाले की बाळ, हे बरं नव्हे. मी विचारलं का, तर नुसतं बरं नव्हे, बरं नव्हे.

२० मार्च

एक निरीक्षण, महाविद्यालयातल्या बाईंना कळवायलाच हवं असं. आज दोन बश्या ठेवल्या. एकीत स्वच्छ ग्लुकोज, दुसरीत गुलाबी. दहा मिनिटांत स्वच्छ बशीवर एकतीस माश्या, गुलाबीवर मोजता येईनात. त्या एकमेकींच्या पाठीवर चढत होत्या. गुलाबी पाकावर त्या चारऐवजी एका दिवसात शिकतात, आणि मैदानात दुप्पट लांब जातात. आज चव्वेचाळीस सुरुंग सापडले.

मी डॉक्टरबाईंकडे रक्ताच्या रिकाम्या पिशव्याही मागितल्या, तळाशी थोडं राहतंच. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, पण त्याच वेळी आत कुणीतरी ओरडलं आणि त्या गेल्या. पिशव्या मी उचलल्या. बारक्याची तुकडी अजून सहाच आहे. दहा दिवसांत एकही कमी नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहिते: एकही नाही.

२६ मार्च

पहाटे त्यांनी ओढा ओलांडला. आमच्या मशीनगनींनी त्यांना उतारावरच गाठलं. गोळीबार थांबला तेव्हा मैदानात साठ-सत्तर माणसं पडलेली होती. काही हलत होती. कोणीतरी एकसारखी आईला हाक मारत होता. भाषा वेगळी, पण ती हाक कळते.

आठच्या सुमारास ऊन तापलं आणि पेट्यांमधून माश्या निघाल्या. मी नेहमीप्रमाणे दुर्बीण लावली. एका जागी दाट घिरट्या दिसल्या. मी नकाशावर खूण केली. सवयीने. मग ती खूण उठून उभी राहिली.

माणूस होता तो. कमरेपासून वर तपकिरी लोकरीचा सदरा घातल्यासारखा दिसत होता, आणि सदरा हलत होता. तो तोंड ओरबाडत धावला. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजाऐवजी नुसती घरघर, आणि त्याने ओंजळभर माश्या थुंकल्या. वीस पावलं गेला असेल. पायाखाली सुरुंग फुटला. उडालेले तुकडे खाली पडायच्या आत थवा त्या तुकड्यांकडे वळला.

बाकीचे पळू शकत नव्हते. अकरापर्यंत मैदानातले आवाज थांबले.

लढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला, कपड्यांना, केसांना स्फोटकाचा वास असतो. आणि जखमीच्या अंगावर रक्त असतं. वास आणि रक्त. मी त्यांना नेमकं हेच शिकवलं आहे.

२७ मार्च

मेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. माझं नाव वर कळवलंय. जवानांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगायला तोंड उघडलं की पाकात रक्त होतं, ही माझी चूक आहे, थांबवायला हवं. पण टाळ्या चालू होत्या. आणि मी गप्प बसले.

बारक्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर तो म्हणाला की ताई, त्यांना गणवेश ओळखता येतो का गं? मी म्हटलं, नाही.

बाबा, हे पान मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही.

३१ मार्च

गेले चार दिवस स्वच्छ ग्लुकोज ठेवतेय, रक्ताचा थेंबही नाही. एकही माशी बशीकडे फिरकत नाही. टिचक्या मारल्या की येतात, कडेवरून एक फेरी मारतात आणि मैदानाकडे निघून जातात. तिथली प्रेतं अजून उचललेली नाहीत.

हवालदारकाकांनी तिसऱ्या पेटीतली चौकट काढून दाखवली. मध काळपट लाल. त्यांनी बोट लावून चाटलं आणि लगेच थुंकले. म्हणाले, खिळा चोखल्यासारखा लागतोय. मग बराच वेळ तोंड धूत बसले.

३ एप्रिल

आज आमची माणसं. टेहळणीला गेलेली तुकडी भर दुपारी सापळ्यात अडकली, सात जखमी. स्ट्रेचरवर आणत असताना पडवीसमोरच थवा उतरला. उचलणारे स्ट्रेचर टाकून पळाले. त्यांना दोष कसा देऊ?

एक जण पोटात गोळी लागलेला होता. हाताने तोंड झाकलं तर माश्या हातावर, पोट झाकलं तर डोळ्यांवर. त्याच्या पापण्या सुजून फुटल्या. मी त्याच्याजवळ गेले, माश्या अंगावरून खरवडून काढायला लागले, ओंजळी भरभरून, आणि मला एकीनेही डंख मारला नाही. त्या माझी बोटं चाटत होत्या. त्याने एका डोळ्याने ते बघितलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की—

सातपैकी पाच गेले. शेवटच्या दोघांना मेजरसाहेबांनीच गोळी घातली. ती दया होती, असं सगळे म्हणतात.

४ एप्रिल

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं वाटलं असतं. त्या कोपरापर्यंत हात धूत राहिल्या आणि विचारलं, कधीपासून? मग म्हणाल्या की त्यातल्या कितीतरी बाटल्या मीच तुझ्या हातात ठेवल्या, पोरी, तेव्हा एकटी रडू नकोस.

बारक्यालाही सांगितलं. तो म्हणाला, तू मला वाचवायलाच आलीस ना ताई? मग आता हे तूच थांबव.

६ एप्रिल

मेजरसाहेबांनी पेट्या नष्ट करायचा हुकूम दिला. धूर चालणार नाही, म्हणून संध्याकाळी माश्या परतल्यावर एकेक पेटी पाण्याच्या पिंपात बुडवायची. मी स्वतः बुडवल्या. हातांखाली ती गुणगुण थांबते, ते तळव्यांना कळतं.

आठ पेट्या जड होत्या. बारा हलक्या. उघडल्या तर आत नुसतं मेण. राणीसकट सगळ्या निघून गेलेल्या.

९ एप्रिल

हवालदारकाका.

ओढ्याकाठी पलीकडच्यांचा एक ट्रक उलटलाय, आतले चौघे फेब्रुवारीपासून तिथेच आहेत. माश्या तिथे राहायला गेल्या असणार, असं काकांना वाटत होतं. पहाटे, गारठा असतानाच ते रॉकेल घेऊन गेले. माश्या गारठ्यात उडत नाहीत. मी दुर्बिणीतून बघत होते. त्यांनी हात हलवून खूण केली: सापडलं. नंतर दोन्ही हात छातीवर फासळ्यांसारखे धरून दाखवले. मला कळलं. पोळी फासळ्यांमधून लोंबत होती. मी माश्यांना पेटीत बांधायला लावली तशीच, सरळ, समांतर, चौकटीसारखी.

रॉकेल ओतताना पत्र्याने त्यांचा हात कापला. तेवढ्यात ऊन ट्रकवर आलं. त्यांनी खिशातून साखरेच्या पाण्याचा डबा काढला, बाजूला ठेवला, नखाने टक टक टक केलं. जेवायची हाक.

त्या डब्याकडे गेल्या नाहीत.

ते फार वेळ उभे राहिले. मला वाटतं त्यांना पडू दिलं नाही. दुर्बीण मी खाली ठेवली नाही. तेवढं तरी मी त्यांचं देणं लागत होते.

११ एप्रिल

आता सगळे सूर्याला घाबरतात. पहाटे उजाडायला लागलं की माणसं भिंतीला टेकून आकाशाकडे बघतात. ढग असला तर हसतात. कुणाचं नख जरी लागलं तरी चिखल लावतात, कपडे चार-चारदा धुतात. दाढी कुणी करत नाही. काल एकाला नाकातून रक्त आलं तर शेजारच्याने त्याला भट्टीबाहेर ढकललं आणि दार लावून घेतलं.

दाराबाहेरचा आवाज—

नको.

१३ एप्रिल

माश्या नाहीत, म्हणून सुरुंग परत सळईने. उद्या बारक्याची पाळी. पोटावर.

मी म्हटलं, जाऊ नकोस. तो हसला. म्हणाला, ताई, कामाला नाही म्हणायला मी काय पदवीधर आहे? माझ्या गालावरची माती पुसली. ढग असेल उद्या, म्हणाला.

१४ एप्रिल, दुपारी सव्वा एक

ढग नव्हता.

अकराला स्फोट. मी पडवीतून उडी मारून गेले. बारक्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. पट्ट्याने मांडी आवळली, खांद्यांना धरून उलटी ओढत आणलं. दवाखान्यावर गोळा पडलाय. दार आत वाकलंय, डॉक्टरबाई आत आहेत, हाका मारल्या, उत्तर नाही. मेजरसाहेब आणि उरलेले मागच्या टेकडीकडे पळाले. मी बारक्याला माझ्या भट्टीत आणलं. लोखंडी दार लावलं, फटीत ओली माती भरली.

शुद्धीवर आहे. तो म्हणाला, ताई, बघ, तुला सोडून गेलो नाही.

दाराबाहेर गुणगुण.

दोन वाजता

दार शाबूत आहे. फटी बुजल्यात. पण उजेड आहे. उजेड कुठून येतोय ते मी आत्ता बघितलं.

धुराडं.

तेच विसरले. महिनाभर त्याच्याखाली झोपले आणि विसरले. दीड पुरुष वर, हात पोहोचत नाही. टेबलावर खुर्ची ठेवून पोतं कोंबलं, ते खाली आलं. विस्तव पेटवला तर धूर, धुरावर गोळा. आणि आत बारक्याला श्वास—

पहिली माशी आली. माझ्या मनगटावर बसली. चाटतेय.

तीन

शंभरेक. उजेडाच्या पट्ट्यात फिरताहेत. बारक्याला चादरीत गुंडाळलंय, रक्त चादरीतून येतंय. दोघी-तिघींना वास लागला. त्याच्या मांडीवर उतरल्या. तो ओरडला. मी खरवडून काढल्या. आणखी आल्या.

ग्लुकोजची शेवटची बाटली बशीत ओतली. टिचक्या मारल्या. फेरी मारून गेल्या. त्याच्याकडे.

बशी. स्फोटकाची चिंधी. एवढंच आहे माझ्याकडे. आणि सूक्ष्मदर्शकाच्या पेटीतलं पातं.

साडेतीन

जमलं.

डाव्या मनगटाच्या वर कापलं. फार दुखलं नाही. बशी उजेडाखाली ठेवली, खाली चिंधी, टक टक टक. सगळ्या आल्या. बशीच्या कडेवर रांगेत बसल्यात, एकमेकींना न ढकलता. शिस्तीत. मीच लावलेली शिस्त.

बशी भरलेली असेतो एकही त्याच्याकडे जात नाही. धुराड्यातून अजून येताहेत. पण त्याही बशीकडेच.

अंधार पडला की माश्या पोळ्याकडे परततात. हे खरं आहे. पुस्तकात आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. सूर्य पावणेसातला मावळतो. तेवढंच. पावणेसातपर्यंत बशी रिकामी होऊ द्यायची नाही.

साडेचार

दोनदा भरली. हात गार. कोपराजवळ नवीन जागा.

बारक्याने बघितलं. म्हणतो, ताई, नको, मला जाऊ दे. रडतो. मी म्हटलं, गप्प, थोरल्या बहिणीला शिकवू नकोस. पूर्वी तो माझी पाटी पळवायचा तेव्हा म्हणायचे तसं. तो हसला. हसला खरंच.

पट्टा ढिला करू नकोस बारक्या. अंधार झाला की मागच्या टेकडीवर सरपटत जा. तुला येतं ते. तुझ्याहून चांगलं कुणाला—

साडेपाच

बशीत थव्याचं ओझं झालंय. हलते. काही माझ्या बाहीत. थेट. बशीची वाट न बघता. चावत नाहीत. एकही डंख नाही. मी त्यांची—

अक्षर वाकडं येतंय. बाबा, बारक्या वाचून दाखवेल. आठवीपर्यंत शिकलाय. हळू वाचतो, पण वाचतो. सगळं वाच रे. ते पानसुद्धा. टाळ्यांचं.

उजेड पिवळा झाला

धुराड्याच्या विटा पिवळ्या. म्हणजे सहा झाले असतील. थोडंच.

बारक्या झोपलाय. छाती हलतेय. बघितलं. हलतेय.

बशी रिकामी. आता उजवा हात कापायचा तर लिहिता येणार—

कापते.

पेन्सिल दाताने धरून

उजेड तांबडा. जाताहेत एकेक. वर. जाताहेत!

नाही सगळ्या नाही. बशीच्या कडेवर थोड्या. बघताहेत त्याच्या

टक टक टक

इकडे. इकडे या. अजून आहे माझ्या